अकरा कॉप्यांचं सुतक

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बकुळाबाई येणार आहेत, ही बातमी कमलने दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात आणली तेव्हा अनुसूया आंब्याच्या डाळीवर फोडणी ओतत होती. फोडणी थोडी पातेल्याबाहेर पडली.

बकुळाबाई सहा वर्षं या घराची पायरी चढल्या नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं एकवीस झाली की वीस, यावरून त्यांचे यजमान केशवराव आणि अनुसूयेचा दीर वामन यांच्यात मतभेद झाला होता. त्यानंतर झाशीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांनी बाजू घेतल्या. गणपतीने तेवढी घेतली नाही.

"कॉप्यांसाठी येतायत," कमल म्हणाली. ती वामनची बायको. नवऱ्याच्या कपाटात काय आहे हे तिला माहीत होतं आणि ते तिथे नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं.

"डाळीसाठी कोण येतं," अनुसूया म्हणाली.

कपाटात बोर्डाच्या इंटरमीजिएट परीक्षेच्या मराठी विषयाच्या अकरा उत्तरपत्रिका होत्या. झाशीत त्यांना कॉप्याच म्हणत. वामन कॉलेजात संस्कृत शिकवायचा आणि ज्यांना घरचं मराठी कागदावर आणायचं असेल त्यांना मराठीही. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत मराठीचा परीक्षक म्हणून बोर्डाला तो एकटाच सापडला होता, त्यामुळे ज्यांना त्याने शिकवलं त्यांच्याच कॉप्या दर वर्षी त्याच्याकडे यायच्या. नावावर चिकटपट्टी असायची. पण अकराही जणांचं अक्षर त्यानेच वळवलेलं होतं, तिथे चिकटपट्टी काय करणार? आजवर यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण आजवर त्या ढिगात सरला नव्हती.

सरला म्हणजे वामनच्या थोरल्या भावाची, दत्तात्रेयाची आणि अनुसूयेची मुलगी. ग्वाल्हेरच्या एका मराठी वसतिगृहात झाशीच्या मुलीसाठी एक खाट राखून ठेवलेली असे, आणि तिची अट होती मराठीत सत्तर गुण. दत्तात्रेयाने गेल्या दिवाळीत सगळ्यांसमोर शब्द दिला होता: खाट मिळाली तर ग्वाल्हेर, नाही मिळाली तर एरच. एरचला कॉलेज नव्हतं. एरचच्या नीलकंठरावांना मुलगा होता.

सोमवारी सकाळी कॉप्या रजिस्टर पार्सलने जायच्या होत्या. आज शनिवार.

*

मधल्या खोलीत वामन भावासमोर बसला होता आणि दोघांच्या मध्ये बोर्डाचा फॉर्म होता. फॉर्मवर हिंदीत छापलं होतं की परीक्षकाचा कोणीही निकट संबंधी या परीक्षेला बसलेला नाही. खाली सहीची जागा. दर वर्षी वामन न वाचता सही करायचा. या वर्षी त्याने वाचलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

निकट संबंधी म्हणजे नक्की कोण, असं त्याने बोर्डाला पत्र लिहून विचारलं होतं. तेवीस दिवसांनी उत्तर आलं. निकट संबंधी से तात्पर्य निकट संबंधी से ही है, असं त्यात होतं. आणि पुढे, परीक्षक असमर्थ असेल तर बंडल अनुपूरक परीक्षकाकडे सोपवावं किंवा कार्यालयाकडे परत पाठवावं. कार्यालय ते प्रांताबाहेर तपासून घेईल. यादीतले अनुपूरक, म्हणजे नावापुरते राखीव, परीक्षक होते केशवराव. केशवरावांचा मारुती त्याच अकरांत होता.

"सही कर आणि मोकळा हो," दत्तात्रेय म्हणाला. "पुतणी काही निकट नसते. निकट म्हणजे बायको-मुलं."

"दादा, ती माझ्या ताटात जेवून मोठी झालीय."

"ताटाचं फॉर्मवर लिहिलेलं नाही."

वामनने फॉर्म उलटा करून ठेवला. त्याने भावाला एक गोष्ट सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. सरलेची कॉपी त्याने तपासली होती. तीनदा. गुरुवारी सकाळी चहा पिता पिता तपासली तेव्हा अठ्ठ्याहत्तर आले. मग त्याला केशवरावांचा चेहरा दिसला, हा आकडा वाचणारा, आणि त्याने पेन्सिलचे आकडे खोडून संध्याकाळी पुन्हा तपासली. चौसष्ट आले. तोच निबंध, तेच व्याकरण, एका दिवसात चौदा गुणांनी खाली. काल दुपारी तिसऱ्यांदा बसला, मनाशी अगदी ठरवून, की ही कोणा परक्या मुलीची कॉपी आहे. एकाहत्तर आले. त्या आकड्याने तो सगळ्यांत जास्त घाबरला. एकाहत्तर पेपरातून आले की ग्वाल्हेरहून, हे त्याला काही केल्या कळेना.

कोणी त्याला लाच देऊ केली नव्हती. कोणी दम भरला नव्हता. तो एकटा खोलीत बसून भ्रष्ट होत होता, आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या.

"यज्ञेश्वरकाकांना विचारू," दत्तात्रेय म्हणाला. "नात्यातलं त्यांना कळतं."

यज्ञेश्वरकाका त्यांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. बरीच वर्षं तालावर, म्हणजे तलावाकाठच्या देवळात, देवीची पूजा करून आता डोळ्यांमुळे घरी बसलेले. झाशीतल्या मराठी घरांत कोणी गेलं की किती दिवस पाळायचे ते विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. पंचांग दिसत नव्हतं, पण दोनशे वर्षांचं नातंगोतं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी फॉर्म ऐकून घेतला, बोर्डाचं उत्तर दोनदा वाचायला लावलं, आणि त्यांना ते पत्र अतिशय आवडलं.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "पण माप दिलं नाही. माप आपल्याकडे आहे."

"कसलं?"

"सुतकाचं. जो गेला तर दहा दिवस, तो निकट. तीन दिवस, तो मधला. नुसती आंघोळ, तो तुझा कोणी नाही, बेलाशक मार्क दे."

दत्तात्रेयाच्या डोळ्यांत पहिल्यांदा आशा दिसली. नहर कचेरीत, म्हणजे कालव्यांच्या ऑफिसात, बावीस वर्षं काढल्यामुळे ज्या प्रश्नाला कोष्टक मिळालं तो सुटला, असं त्याला वाटायचं. त्याने कागद घेऊन अकरा ओळी आखल्या.

*

सरला पन्ह्याचे पेले घेऊन मधल्या खोलीच्या दाराशी आली तेव्हा आतमध्ये मारुती नुकताच मेला होता.

"तीन दिवस," यज्ञेश्वरकाका सांगत होते. "केशवची आजी आपल्या घरातली. लिही, तीन."

दत्तात्रेयाने लिहिलं. त्याआधी आठ मुलं आणि एक मुलगी गेली होती. एकेका उमेदवाराला मारून, किती दिवस पाळावे लागतील ते मोजून, त्याची वामनशी जवळीक ठरवली जात होती. बाहेरच्या खोलीत गौर झोपाळ्यात बसली होती, बायका यायला लागल्या होत्या, आणि आत भर सणाच्या दिवशी हे.

"आता सरला," अप्पा, म्हणजे तिचे वडील दत्तात्रेय, म्हणाले.

सरला दाराशीच थांबली. हातातले पेले तिने घट्ट धरले. आपण गेलो तर काकांना किती दिवस, हे ऐकण्याची संधी सतराव्या वर्षी सगळ्यांनाच मिळत नाही.

"दहा," यज्ञेश्वरकाका म्हणाले.

तिला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हे बरं वाटण्यासारखं नाही. दहा म्हणजे निकट. निकट म्हणजे कॉपी काकांकडून गेली.

अप्पांनी बेरीज केली, का ते त्यांनाच माहीत. बत्तीस दिवस आणि पाच आंघोळी निघाल्या. अकरांपैकी एकही असा नव्हता की जो गेला तर वामन सरळ उठून कॉलेजात गेला असता.

"पण मुलगी आहे ना," यज्ञेश्वरकाका थोड्या वेळाने म्हणाले. "मुलीचं बदलतं. वाग्दान झालं की तीनावर येते. लग्न झालं की चुलत्याला काय, एखादा दिवस."

सरलेला अप्पांची पाठ दिसत होती आणि त्या पाठीला काहीतरी सुचल्याचं तिला पाठीवरूनच कळलं.

"नीलकंठराव उद्या यायला तयार आहेत," अप्पा म्हणाले. "साखरपुडा करून घेऊ. उद्या साखरपुडा, सरला तीन दिवसांवर. मारुतीही तीनच. मारुतीचे मार्क वामनने दिलेले चालतात तर हिचे का नाही? परवा सही."

"शास्त्राला धरून आहे," यज्ञेश्वरकाका म्हणाले.

या योजनेत एकच बारीक अडचण होती. सरलेला सत्तर गुण निष्पक्षपणे मिळावेत, ते मिळाले की ग्वाल्हेरला जाता यावं, म्हणून तिचं लग्न एरचला ठरवलं जात होतं. ही अडचण मधल्या खोलीत कोणाच्या लक्षात आली नाही. दाराशी आली.

तिने पेले खाली ठेवले आणि आईकडे गेली.

*

बाहेर अनुसूयेसमोर बकुळाबाई बसल्या होत्या आणि डाळ छान झाल्याचं तिसऱ्यांदा सांगत होत्या. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर तेवढाच एक विषय सुरक्षित होता. मग कुंकू लावताना त्या पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या.

"अनुसूयाजी, आमच्या ह्यांनी एक तोड काढलीय. वामनभैयांनी सरलेची कॉपी आमच्याकडे द्यावी. मारुतीची तुमच्याकडे असू द्या. म्हणजे घरच्या माणसाने घरच्याला मार्क दिले असं व्हायचं नाही."

अनुसूयेला आधी इतकं हलकं वाटलं की तिने बकुळाबाईंच्या ओटीत हरभऱ्याची एक मूठ जास्त टाकली. बरोबरच होतं की. परक्याने तपासायचं. आणि केशवरावांहून परकं झाशीत कोण होतं?

"सरला हुशार आहे," बकुळाबाई म्हणाल्या. "बहात्तरला कोणी हरकत घेणार नाही. मारुतीलाही बहात्तर पुरेत."

केशवरावांनी सरलेची कॉपी अजून पाहिलेली नव्हती.

अनुसूयेचा हात ओटीवरच राहिला. तिची मुलगी त्यांच्या मुठीत, त्यांचा मुलगा वामनच्या, आणि दोन्ही मुठी सारख्या आवळलेल्या. कोणी कोणाला एक गुण कमी देणार नाही. पुढच्या वर्षी त्यांचा धाकटा बसेल. त्याच्या पुढच्या वर्षी कमलचा. तिला वाटलं, नको म्हणावं. मग सत्तर आठवले. बहात्तर म्हणजे सत्तराहून दोन जास्तच. ती नाही म्हणाली नाही. "आतमध्ये विचारते," एवढंच म्हणाली आणि उठली, आणि आत जाताना तिला स्वतःचीच भीती वाटली.

सरला तिला ओसरीत भेटली. उद्या साखरपुडा आहे, हे तिने आईला अशा आवाजात सांगितलं, जसं दूध उतू गेल्याचं सांगतात.

*

अनुसूया मधल्या खोलीत शिरली तेव्हा दत्तात्रेय नीलकंठरावांना पाठवायचा निरोप लिहीत होता. तिने आधी बकुळाबाईंचं सांगितलं. दत्तात्रेयाला तेही आवडलं. आता त्याच्याकडे दोन उपाय झाले, आणि तो दोन्ही एकदम वापरता येतील का, असं विचारू लागला.

"तुम्हाला एरचची एवढी घाई का?" अनुसूयेने विचारलं.

"मला कसली घाई? सरलेच्या मार्कांसाठी..."

"बडे बाबूची जागा कोणाला द्यायची, ते कोण लिहून पाठवणार आहे?"

दत्तात्रेयाने पेनाला टोपण लावलं. नीलकंठराव एरचचे असले तरी झाशीला असत, नहर कचेरीत त्याचे वरिष्ठ होते, आणि जूनमध्ये बडे बाबूची, म्हणजे हेडक्लार्कची, जागा रिकामी होणार होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून आजवर कोणी पाहिल्या नव्हत्या. खरं म्हणजे दत्तात्रेयानेही नाही. त्याला मुलगा चांगला वाटत होता, घर चांगलं वाटत होतं, बाप तर फारच चांगला वाटत होता. आता तो मनातल्या मनात नीलकंठरावांना बदलीवर पाठवून पुन्हा एकदा मुलाकडे पाहू लागला. मुलगा जरा लहानच वाटला. कानही पुढे आलेले.

"मी तसा विचार केला नव्हता," तो म्हणाला.

"नसणारच," अनुसूया म्हणाली. "मीसुद्धा आत्ता बहात्तरला हो म्हणून आले असते."

वामन इतका वेळ कपाटाकडे तोंड करून बसला होता. तो उठला, कुलूप काढलं, बंडल काढून चटईवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी सरलेची कॉपी तीनदा तपासली आणि तीन वेळा तीन वेगळे आकडे आले. किती, ते विचारू नका. दारात सरला उभी होती. तिलाही त्याने तेच सांगितलं.

"एकदा तू माझी म्हणून जास्त दिले. एकदा लोक म्हणतील म्हणून कमी दिले. तिसऱ्यांदा काय केलं ते मला माहीत नाही."

"खरे किती?" सरलेने विचारलं.

"तेच मला दिसत नाही. मारुतीचेही आता दिसत नाहीत. तुला सत्तर हवेत हे ठाऊक झाल्यापासून बाकीच्या दहा जणांच्या कॉप्यांतसुद्धा मला तूच दिसतेस."

बाहेर बायका गौरीपुढे नाव घ्यायचा आग्रह एकमेकींना करत होत्या.

वामन म्हणाला की मार्ग तीन आहेत. मी सही करतो, आणि जे असेल ते. नाहीतर बहात्तर. नाहीतर अकराच्या अकरा परत पाठवतो, आणि बोर्ड त्या प्रांताबाहेर, म्हणजे पुण्यालाच, पाठवील. पण एक ध्यानात ठेव, तो म्हणाला, पुण्याचा माणूस झाशीचं मराठी वाचणार. तू निबंधात तालावरची बोट लिहिलीयस, पाळीवरचे भजेवाले लिहिलेयस, भैया लिहिलंस, पक्का लिहिलंस. मी वाचताना माझ्या पेन्सिलला ते दिसतही नाही. त्याची लाल पेन्सिल तिथे तिथे थांबेल.

"सत्तर नाही आले तर?" अप्पांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मुलीच्या वतीने विचारला, आणि विचारून झाल्यावर त्यांना जाणवलं की तिच्याच वतीने त्यांनी आज पहिल्यांदा काही विचारलंय.

सरला घाबरली होती. पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. तिला खाट हवी होती. गेले चार महिने ती त्या खाटेवर झोपत होती, खिडकी कुठल्या बाजूला असेल तेही तिने ठरवून टाकलं होतं.

"बहात्तर मिळाले तर ते मारुतीचे," ती म्हणाली. "काकांनी दिले तर ते काकांचे. मग ग्वाल्हेरला जाऊन मी सगळ्यांना काय सांगू, मला किती मराठी येतं? पुण्याला जाऊ द्या."

"पुण्यात आपलं कोणी निघालं तर?" दत्तात्रेय म्हणाला. भीती एकदा बसली की माणूस सगळीकडे नातेवाईक पाहतो.

यज्ञेश्वरकाकांनी मान हलवली. "पुण्यात आपली शाखा आहे. पण त्यांच्याकडे कोणी गेलं की आपण दहा दिवस पाळतो, आपल्याकडे गेलं तर ते पाळत नाहीत. दोनदा पत्र टाकलं मी. ते आपल्याला ओळखत नाहीत." त्यांनी समाधानाने मांडी बदलली. "याहून निष्पक्ष माणूस मिळायचा नाही."

अनुसूया बाहेर गेली आणि बकुळाबाईंना म्हणाली की कॉप्या परत जाणार आहेत, तुमचीही आणि आमचीही. डाळ त्यांनी अर्धी ठेवली. पुढची सहा वर्षं निश्चित झाली.

दत्तात्रेयाने एरचचा निरोप फाडला आणि नवा लिहिला: निकालानंतर कळवतो. नीलकंठराव हे वाचून काय समजतील ते त्याला उघड होतं, आणि जूनमध्ये बडे बाबूच्या खुर्चीवर कोण बसेल तेही. त्याने पत्र दोनदा वाचलं. निकालानंतर हा शब्द कोणाच्या निकालाबद्दल आहे, असं क्षणभर त्यालाच वाटून गेलं. मग त्याने घडी घातली.

*

बायका गेल्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला, वामन खोडरबर घेऊन बसला. अकराही कॉप्यांवरचे पेन्सिलचे आकडे पुसायचे होते, म्हणजे पुण्याच्या माणसाला कोणाचं मत आधी दिसायला नको. फॉर्मवर त्याने सही केली नव्हती. त्याऐवजी वेगळ्या कागदावर अकरा ओळींत अकरा नाती लिहिली होती, आणि खाली, मला यांतल्या कोणालाही गुण देता येत नाहीत.

सरला खोलीत बसली होती, पण भिंतीकडे तोंड करून. तिनेच तसं ठरवलं होतं.

वामनने एकेक कॉपी उलगडली, पुसली, फुंकर मारली, मिटली. सातव्या कॉपीशी तो थांबला. भिंतीकडे पाहणाऱ्या पाठीकडे त्याने एकदा पाहिलं. मग एकाहत्तर पुसले. आकडा गेला तरी कागदावर खळगा राहिला, तो त्याने अंगठ्याने चोळला.

"माझी झाली?" सरलेने विचारलं.

"सगळ्या झाल्या."

त्याने बंडल बांधलं, सुतळीला गाठ मारली. गाठीवर बोट ठेवायला तिसरा हात हवा होता. सरला मागे वळली, पुढे झाली, आणि आपण उमेदवार आहोत हे आठवून दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. वामनने दातांनी गाठ आवळली.

"काका," ती म्हणाली, "निबंधात मी तालावरच्या संध्याकाळचं लिहिलंय ना. जो कधी इथे आलाच नाही त्या माणसाला ते कळेल?"

वामनने तोंडातली सुतळी काढली.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी तुझा काका आहे."